शंकरशेट, जगन्नाथ (नाना)

(१० फेब्रुवारी १८०३–३१ जुलै १८६५). मुंबईतील एक थोर व्यापारी, शिक्षणप्रसाराचे आधारस्तंभ आणि पश्चिम भारतातील सनदशीर राजकारणाचे एक आद्य प्रवर्तक. ‘नाना शंकरशेट’ या नावाने ते सर्वत्र परिचित होते. मूळ आडनाव मुरकुटे. त्यांचा जन्म ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे एका सधन दैवज्ञ कुटुंबात झाला. त्यांचे आजोबा बाबुलशेट अठराव्या शतकात मुंबईस येऊन स्थायिक झाले. मुंबईच्या कोटातील गनबाव स्ट्रीट या जुन्या रस्त्याचे नाव याच घराण्यातील गनबाशेट यांच्यावरून पडले, असे सांगितले जाते. वडील शंकरशेट यांनी व्यापार वाढविला आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील प्रमुख हिंदू व्यापाऱ्यांत त्यांची गणना होऊ लागली. जगन्नाथांचे शिक्षण बहुतांशी घरीच, खाजगी शिक्षक ठेवून झाले. मराठी व संस्कृतबरोबर त्यांनी इंग्रजीचाही उत्तम अभ्यास केला. १८२२ मध्ये वडील वारले, तेव्हा पेढीचा सर्व कारभार एकोणीस वर्षांच्या जगन्नाथांवर येऊन पडला.

हा काळ मुंबईच्या व्यापाराला अनुकूल होता. १८१३ च्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीची हिंदुस्थानाशी व्यापार करण्याची मक्तेदारी संपली होती आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यामुळे देशावरचा मुलूख मुंबई सरकारच्या अंमलाखाली आला होता. कापूस, अफू, धान्य, कापड यांची उलाढाल वाढली. या उलाढालीस लागणारे भांडवल अद्याप बँकांकडे नव्हते. ते सराफ-सावकारांच्या पेढ्यांवर, हुंड्यांवर आणि व्यक्तीच्या पतीवर उभे होते. अरब व अफगाण व्यापारी आपल्या ठेवी बँकेपेक्षा नानांकडे ठेवणे पसंत करीत, अशी आख्यायिका आहे. तिचा तपशील कसाही असो, नानांच्या पुढील सार्वजनिक जीवनाचा पाया कोणता होता, हे तिच्यावरून नेमके कळते. ज्या समाजात मतदानाचा हक्क नव्हता, निवडणुका नव्हत्या, वृत्तपत्रांचा प्रसार नुकता कुठे होऊ लागला होता, त्या समाजात ‘लोकांचा प्रतिनिधी’ कोणास म्हणावे, हा प्रश्न सरकारपुढे होता आणि लोकांपुढेही होता. ज्याच्या शब्दावर पैसा ठेवता येतो, त्याच्याच शब्दावर गाऱ्हाणेही सोपवावे, हे त्याचे त्या काळचे व्यवहारी उत्तर होते.

मुंबईची ही भरभराट समजण्यासाठी बंदराच्या पूर्वेकडे, पलीकडच्या किनाऱ्याकडे पाहिले पाहिजे. पनवेलच्या खाडीपासून उरण, पेण, नागोठणे, रोहे, अलिबाग, रेवदंडा आणि पुढे जंजिऱ्याच्या हद्दीपर्यंत पसरलेली ही पट्टी म्हणजे आजचा रायगड जिल्ह्याचा किनारा होय. तेव्हा पनवेल व उरण ही ठाणे जिल्ह्यात मोडत. अलिबागेच्या आसमंतात आंग्र्यांचे कुलाबा संस्थान होते. १८३८ मध्ये दुसरे रघूजी आंग्रे वारले, त्यांचा अल्पवयीन वारसही लवकरच मरण पावला आणि दत्तकाची मागणी नाकारून कंपनी सरकारने १८४० मध्ये संस्थान ताब्यात घेतले. १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला; १९८१ मध्ये त्याचे ‘रायगड’ असे नामांतर करण्यात आले. खलाटीतील भात, मिठागरांतील मीठ, जंगलातील लाकूड व जळण, सुकी मासळी आणि त्यांच्याबरोबर मजुरीसाठी येणारी माणसे, हे सर्व मचव्यांतून आणि पडावांतून मुंबईस येत असे. देशावरील कापूसही याच किनाऱ्याने येई. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत, १८३० मध्ये, बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. त्यापूर्वी बैलांच्या तांड्यांनी घाट उतरणारा माल आता गाड्यांनी पनवेल बंदरात येऊ लागला आणि तेथून गलबतांतून मुंबईस जाऊ लागला. पावसाळ्यात मात्र घाट, रस्ता आणि समुद्र ही तिन्ही एकदम आड येत. वाटेत भिजलेल्या, माती मिसळलेल्या कापसाबद्दलच्या तक्रारी त्या काळच्या व्यापाऱ्यांच्या नेहमीच्याच होत्या.

कोकणातून येणाऱ्या उतारूंची मुंबईत उतरताना होणारी गैरसोयही मोठी होती. भरतीओहोटीच्या वेळा सांभाळत, चिखल तुडवीत किनारा गाठावा लागे. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ या प्रभू गृहस्थांनी १८४० च्या दशकात बांधलेल्या धक्क्यामुळे ती पुष्कळशी दूर झाली. आज ‘भाऊचा धक्का’ म्हणून ओळखली जाणारी जागा मूळची नसली, तरी नाव त्यांचेच चालत आले आहे. नाना आणि भाऊ हे एकाच पिढीचे. सार्वजनिक सोय ही सरकारने करावयाची गोष्ट आहे, ही कल्पना अद्याप रुळली नव्हती. धनिकाने ती करावी आणि तिच्यातून नफा व नाव दोन्ही मिळवावे, हे स्वाभाविक मानले जाई.

नानांनी सर्वांत आधी व सर्वांत अधिक काळ लक्ष घातले, ते शिक्षणात. १८२२ मध्ये मुंबईत देशी मुलांच्या शिक्षणासाठी शाळा व शालेय पुस्तके तयार करणारी संस्था स्थापन झाली. तीच पुढे ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ म्हणून प्रसिद्धीस आली. गव्हर्नर मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन यांचा तिला पाठिंबा होता. संस्थेचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे लष्करातील अभियंता असूनही मराठी चांगले जाणत. त्यांच्या आणि सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्या देखरेखीखाली गणित, भूमिती, बोधकथा अशा विषयांवरील मराठी पाठ्यपुस्तके तयार झाली. पुढील मराठी गद्याच्या घडणीत या पुस्तकांचा वाटा मोठा आहे. संस्थेच्या कार्यकारी मंडळावर नाना विशीतच आले. १८२७ मध्ये एल्फिन्स्टन निवृत्त होऊन स्वदेशी जाण्यास निघाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या निधीत नाना अग्रभागी होते. पुतळे आणि मानपत्रे यांवरच न थांबता हा पैसा इंग्रजी भाषा व पाश्चात्त्य विद्या शिकविणाऱ्या प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी वापरावा, असे ठरले आणि त्यातूनच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन व पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालय उदयास आले. बाळशास्त्री जांभेकर, दादाभाई नवरोजी, भाऊ दाजी लाड ही नावे त्या संस्थेशी निगडित आहेत.

१८४० मध्ये सरकारने शिक्षणाचा कारभार ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या नव्या मंडळाकडे सोपविला. मंडळात सात सभासद. त्यांपैकी तीन हिंदी. नाना या मंडळाचे आरंभापासून ते बरखास्त होईपर्यंत सभासद होते. याच मंडळात त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा वैचारिक झगडा झाला. त्याचा तपशील सामान्यतः थोडक्यात आटोपला जातो. परंतु त्यांची स्वतंत्र बुद्धी जेवढी येथे दिसते, तेवढी अन्यत्र क्वचितच दिसते.

मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि हिंदी लोकांविषयी सहानुभूती बाळगणारे गृहस्थ होते. साधनसामग्री अपुरी असल्यामुळे ती वरच्या वर्गातील मोजक्या लोकांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण देण्यात खर्च करावी. तेथून ज्ञान हळूहळू खाली झिरपेल, असे त्यांचे मत होते. बंगालमध्ये मेकॉलेच्या धोरणानुसार १८३५ पासून हाच मार्ग धरला गेला होता. १८४७ मध्ये हा प्रश्न मुंबईच्या मंडळात ऐरणीवर आला, तेव्हा कर्नल पदावर पोचलेल्या जर्व्हिस यांनी देशी भाषांची बाजू उचलून धरली आणि फ्रामजी कावसजी, मुहम्मद इब्राहीम मकबा व जगन्नाथ शंकरशेट हे तिघेही हिंदी सभासद त्यांच्या पाठीशी उभे राहिले. एक पारशी, एक कोकणी मुसलमान व एक हिंदू असे हे तिघे पेढीवाले व्यापारी होते. त्यांचा नित्याचा व्यवहार इंग्रज व्यापाऱ्यांशी होता आणि त्यांच्या मुलांना इंग्रजी शिकण्याची कोणतीही अडचण नव्हती. असे असूनही नानांनी आपल्या लेखी टिपणात प्रतिपादन केले, की लोकसमूहात ज्ञान पसरवावयाचे असेल, तर ते त्यांच्या स्वतःच्या भाषेतूनच दिले पाहिजे. इंग्रजीचे महत्त्व आपणास मान्य आहे, परंतु ती थोड्यांची भाषा राहणार आणि तिच्यासाठी बहुतांचे शिक्षण थांबविणे योग्य नव्हे. स्वतःचा वर्ग ज्या भाषेमुळे वर चढत होता, तिला सर्वांच्या शिक्षणाचे माध्यम करण्यास त्याच वर्गातील माणसाने नकार द्यावा, हे विशेष होय.

वाद सरकारपर्यंत गेला. त्यातून निघालेला तोडगा उभयपक्षी काही देणारा व काही राखून ठेवणारा होता. प्राथमिक शिक्षण देशी भाषांतून व उच्च शिक्षण इंग्रजीतून, ही विभागणी हळूहळू पक्की झाली आणि १८५४ च्या वुडच्या खलित्याने तिला साऱ्या हिंदुस्थानासाठी मान्यता दिली. बोर्ड जाऊन त्याजागी सरकारी शिक्षणखाते आले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच्या पहिल्या अधिछात्रांत नानांचा समावेश झाला. पुढे १८६० च्या दशकात विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून मराठी वगळण्यात आली आणि तिच्या पुनःस्थापनेसाठी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना शतकाच्या अखेरपर्यंत खटपट करावी लागली. नानांचा पराभव झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांचे म्हणणे खालच्या पायरीपुरते स्वीकारले गेले, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

स्त्रीशिक्षणाच्या बाबतीत त्यांनी प्रत्यक्ष कृती केली. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी व तरुण शिक्षकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ ही संस्था काढली आणि पुढील वर्षी मुलींसाठी शाळा सुरू केल्या. पुण्यात जोतीराव फुले यांनी आपली पहिली मुलींची शाळा १८४८ मध्येच काढली होती. मुंबईत मराठी मुलींच्या शाळेस जागा मिळेना, तेव्हा नानांनी गिरगावातील आपल्या वाड्याच्या आवारात ती दिली. त्यांच्या ज्ञातीतील व ज्ञातीबाहेरील जुन्या मताच्या लोकांना हे रुचले नाही. नाना स्वतः धार्मिक आचारांत जुन्या वळणाचे होते. देवळे, अन्नछत्रे, ब्राह्मणभोजने यांवर त्यांचा खर्च होत असे. सोनापूरची स्मशानभूमी गावाबाहेर हलविण्याचा सरकारचा बेत निघाला, तेव्हा हिंदूंच्या वतीने त्याला विरोध करण्यात ते पुढे होते. यामुळेच मुलींच्या शाळेला त्यांनी दिलेला आश्रय तरुण सुधारकांच्या शंभर भाषणांपेक्षा अधिक उपयोगी पडला. ही शाळा पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली.

नगरकारभारात त्यांचा प्रवेश १८३४ मध्ये झाला. ब्रिटिश पार्लमेंटने केलेल्या नव्या कायद्यान्वये हिंदी गृहस्थांना ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणून नेमता येऊ लागले आणि मुंबईत नेमल्या गेलेल्या पहिल्या हिंदी जस्टिसांत नाना होते. रस्ते, दिवाबत्ती, स्वच्छता व कर यांचा विचार या जस्टिसांच्या मंडळात होत असे. १८६५ पर्यंत मुंबईचा नगरकारभार कमीअधिक प्रमाणात त्यांच्याच हाती राहिला.

लोहमार्गाच्या स्थापनेत नानांचा वाटा सर्वश्रुत आहे. १८४४ च्या सुमारास मुंबईत लोहमार्ग काढण्याची चर्चा सुरू झाली. पुढील वर्षी सर जमशेटजी जिजीभाई, नाना शंकरशेट आणि काही युरोपीय व्यापारी यांनी मिळून ‘इंडियन रेल्वे असोसिएशन’ स्थापन केली. लंडनमध्ये त्याच सुमारास जॉन चॅपमन यांच्या खटपटीने ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी’ आकारास येत होती. मुंबईकरांनी आपला उद्योग तिच्याशी जोडून घेतला आणि तिच्या मुंबईतील समितीवर नाना व जमशेटजी यांना स्थान मिळाले. १८४९ मध्ये कंपनीस कायदेशीर रूप आले आणि ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. या कराराचे मर्म असे, की भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने द्यावयाची. भांडवल प्रामुख्याने इंग्लंडातून आले. तोटा आल्यास तो मात्र हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघणार होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा सुमारे ३४ किमी. चा पहिला प्रवास झाला. चौदा डबे, तीन एंजिने आणि सुमारे चारशे निमंत्रित, असा त्या गाडीचा थाट होता. गोविंद नारायण माडगावकर यांच्या मुंबईचे वर्णन (१८६३) या ग्रंथात त्या काळच्या बदलत्या शहराचे चित्र वाचावयास मिळते.

लोहमार्ग ठाण्यास थांबण्यासाठी काढलेला नव्हता. त्याचे लक्ष्य देशावरचा कापूस हे होते. १८५४ मध्ये तो कल्याणला आणि १८५६ मध्ये कर्जतवरून घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीस पोचला. घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे हा भाग १८५८ मध्ये सुरू झाला. मधला बोरघाट डोल्या-पालख्यांतून व बैलगाड्यांतून पार करावा लागे. घाटाचे काम सर्वांत बिकट ठरले. कामाच्या ऐन भरात त्यावर चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते आणि पटकीच्या साथींनी त्यांतील असंख्य लोक मृत्युमुखी पडले. पंचवीस बोगदे आणि गाडीची दिशा उलट करून चढ चढण्याची योजना असलेला हा मार्ग मे १८६३ मध्ये वाहतुकीस खुला झाला.

या मार्गाने मुंबईचे भाग्य उजळले. त्याच मार्गाने पनवेल बंदराचे महत्त्व मात्र कमी झाले. देशावरचा माल आता खाडीवर न उतरता थेट बोरीबंदरास जाऊ लागला. गाडीवान, हमाल, तांडेल यांच्या पोटावर पाय आला. कर्जत व खोपोली ही घाटपायथ्याची गावे लोहमार्गावर आली, पण पेण, अलिबाग, रोहे, मुरुड हा किनारा बाजूलाच राहिला. पनवेल व रोहे येथे लोहमार्ग पोचण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. रेल्वेच्या आद्य पुरस्कर्त्यांना याचा दोष देणे न्याय्य होणार नाही. मार्गाची आखणी अभियंते व लंडनचे संचालक ठरवीत. तथापि मुंबईच्या व्यापाऱ्यांनी कल्पिलेली प्रगती कोणाच्या दारावरून जात होती आणि कोणाच्या दारापासून दूर, हे किनाऱ्यावरील वाचकाच्या लक्षात आल्यावाचून राहणार नाही.

रेल्वेचे काम चालू असतानाच कंपनीच्या सनदेच्या नूतनीकरणाचा प्रश्न पार्लमेंटपुढे येणार होता. कलकत्त्यात १८५१ मध्ये ‘ब्रिटिश इंडियन असोसिएशन’ निघाली होती. त्या धर्तीवर २६ ऑगस्ट १८५२ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये भरलेल्या सभेत ‘बॉम्बे असोसिएशन’ ची स्थापना झाली. सभेचे अध्यक्षस्थान नानांनी भूषविले आणि तेच संस्थेचे अध्यक्ष झाले. सर जमशेटजी सन्माननीय अध्यक्ष होते. भाऊ दाजी, दादाभाई नवरोजी, नौरोजी फर्दुनजी हे तरुण तिचे कार्यकर्ते होते. पार्लमेंटकडे पाठविलेल्या अर्जात कारभारातील खर्चिकपणा व दुहेरी राज्ययंत्रणेचे दोष दाखविले होते; हिंदी लोकांना कायदेमंडळात व वरच्या नोकऱ्यांत स्थान मिळावे, रस्ते व शिक्षण यांवर अधिक पैसा खर्चावा, अशा मागण्या केल्या होत्या. अर्जाची भाषा राजनिष्ठेची असली, तरी मजकूर झोंबणारा होता. काही धनिक सभासद लवकरच संस्थेपासून दूर झाले. सरकारची नाराजी पेढीला परवडण्याजोगी नसते, हे त्यांना ठाऊक होते. नानांना ते ठाऊक नव्हते, असे नाही. ते अध्यक्षपदावर राहिले.

या धैर्याची किंमत त्यांना १८५७ मध्ये मोजावी लागली. उत्तरेत उठाव झाल्यावर मुंबईतील काही युरोपीय वर्तुळांत नानांविषयी संशय घेतला गेला. चौकशीत त्यांच्याविरुद्ध काहीही निष्पन्न झाले नाही आणि गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी त्यांच्यावरील विश्वास ढळू दिला नाही. तरीही तीस वर्षे सरकारदरबारी वावरलेल्या माणसाची राजनिष्ठा एका अफवेने संशयास्पद ठरू शकते, ही गोष्ट नियुक्त प्रतिनिधित्वाचा ठिसूळपणा दाखविते.

१८६१ च्या इंडियन कौन्सिल्स कायद्यानुसार मुंबईचे कायदेमंडळ अस्तित्वात आले आणि १८६२ मध्ये त्यावर नेमलेल्या पहिल्या हिंदी सभासदांत नाना होते. या ठिकाणी समकालीन अमेरिकेकडे पाहणे उद्बोधक ठरेल. त्याच १८६२ च्या जानेवारीत लीलंड स्टॅनफर्ड (१८२४–९३) यांनी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नरपद स्वीकारले. तेही व्यापारी, किराणा व घाऊक मालाच्या धंद्यातून वर आलेले आणि १८६१ पासून सेंट्रल पॅसिफिक रेल्वे कंपनीचे अध्यक्ष. बोरघाट खुला झाला, त्याच वर्षी सॅक्रमेंटो येथे त्यांनी आपल्या लोहमार्गाच्या कामास आरंभ केला. पुढे ते सिनेटचे सभासद झाले आणि त्यांनी विद्यापीठही स्थापिले. व्यापार, लोहमार्ग, कायदेमंडळ व शिक्षण ही चारही क्षेत्रे दोघांना समान होती. भेद होता तो अधिकाराच्या उगमात. स्टॅनफर्ड निवडून आले होते. राज्याचा पैसा आपल्याच रेल्वेकडे वळविणारे कायदे त्यांच्या कारकीर्दीत संमत झाले आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. नाना नेमले गेले होते. ज्या मंडळात ते बसले, त्याला अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा वा कारभाराविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता. एकाकडे सत्ता अधिक होती आणि तिचा दुरुपयोग शक्य होता. दुसऱ्याकडे केवळ शब्द होता.

अमेरिकेचा दुसरा संबंध अधिक प्रत्यक्ष होता. १८६१ मध्ये तेथे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील कापसाची निर्यात थांबली आणि लँकेशरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. कापसाचे भाव अनेकपट चढले. मुंबईत पैशाचा पूर आला. नव्या बँका, वित्तसंस्था, समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्या यांचे पेव फुटले. हुंडी आणि शब्द यांवर चालणाऱ्या जुन्या पेढ्यांचा काळ मागे पडून प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या सट्ट्याच्या बादशहांचा काळ आला. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपल्याची वार्ता आली आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस शहराच्या दिवाळखोरीचा दिवस ठरला. त्या महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलै रोजी, नानांचे मुंबईत निधन झाले.

अखेरच्या वर्षांत ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) उभारणीत गुंतले होते. डॉ. जॉर्ज बर्डवुड व भाऊ दाजी यांच्यासह त्यांनी वर्गणी गोळा केली. १८६२ मध्ये इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. संग्रहालय १८७२ मध्ये खुले झाले, ते पाहण्यास नाना हयात नव्हते. शेजारच्या राणीच्या बागेच्या (आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) निर्मितीतही त्यांचे साहाय्य होते. त्यांचा संगमरवरी पुतळा एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये उभारण्यात आला. गिरगावातील रस्त्यास व ग्रँट रोडनजीकच्या चौकास त्यांचे नाव देण्यात आले आहे.

त्यांच्या स्मरणार्थ मुंबई विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत (मॅट्रिक) संस्कृत विषयासाठी शिष्यवृत्त्या ठेवण्यात आल्या. ज्यांनी मराठीसाठी लेखणी झिजविली, त्यांचे नाव शाळांतून संस्कृतच्या गुणांशी जोडले जावे, हा योगायोग मजेशीर आहे. ‘शंकरशेट स्कॉलर’ ही उपाधी शतकभर मराठी घरांत मोठ्या अभिमानाने मिरविली गेली. १९१२ मध्ये ही शिष्यवृत्ती मिळविणारा एक विद्यार्थी कुलाबा जिल्ह्यातील होता. महाडजवळील नाते येथे जन्मलेल्या आणि रोह्याशी निगडित असलेल्या त्या विद्यार्थ्याचे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, १९५० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे ठेवण्याच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.